बोहनीची ओळ

शनिवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला, पालेगावच्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, लॅपटॉपने मला विचारलं, कुठलं व्हर्जन? साधी चौकट होती. तिच्यावर बोट ठेवलं की खाली यादी उघडायची: पीएचपी ५.६, ७.४, ८.१, ८.२, ८.३, ८.४. नवी वेबसाइट ज्या भाषेत लिहायची तिची ही सगळी व्हर्जन्स, साइटला जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्याने भाजीवाल्यासारखी मांडून ठेवलेली, घ्या कुठलं हवं ते. एवढंच तर विचारलं होतं, पण माझ्या छातीत धडधडायला लागलं. मी ती भाषा सोडली तेव्हा ती पाचवर होती आणि मी सत्तावीस वर्षांची होते. आता ती आठवर गेली, मी बेचाळिसाव्या वर्षात आहे, आणि एवढ्या वर्षांत आमची भेट नाही. लग्नात एखादी वर्गमैत्रीण समोर यावी, तिने ओळखावं की नाही याचा आपणच विचार करत उभं राहावं, तसं झालं. गंमत म्हणजे भीती वाटत नव्हती. मला चक्क हसायला येत होतं. बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं, ‘‘झालं का गं सुरू?’’ मी म्हणाले, ‘‘झालं.’’ अजून झालं काहीच नव्हतं.

काम अनुयाचं होतं. अनुया आमच्या एमआयडीसीतल्या कंपनीत अकाउंट्सला आहे, मी डिस्पॅचला. राहायला बदलापूरला मांजर्लीत, आणि तिथल्या सोसायटीची ती सेक्रेटरी. मांजर्लीत नदी अधूनमधून घरी येते, त्याचं तिथे कुणाला नवल नाही, पण तिच्या येण्याची त्यांनी एक रीत बसवली आहे. तळमजल्यावरच्या प्रत्येक घराला एक ‘वरचं घर’ नेमून दिलेलं आहे. पाणी वाढायला लागलं की म्हातारी माणसं, कागदपत्रांची पिशवी, औषधं आणि मिक्सर घेऊन त्या घरी जायचं. फ्रिज विटांवर चढवायचा आणि जायचं. विचारायचं नाही, बेल वाजवायची. मला ही रीत फार आवडली होती. अडचण एवढीच की भाडेकरू बदलतात, माणसं फ्लॅट विकतात, आणि वरचं घर कुणाचं कुठलं ही यादी लावलेली असते तळमजल्यावरच्या नोटीसबोर्डावर, म्हणजे पाण्यात सगळ्यात आधी जाते तीच. अनुयाला वेबसाइट हवी होती. आपला फ्लॅट नंबर टाकला की वरच्या घराचं नाव आणि फोन, बस. तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं की मी पूर्वी वेबसाइट्स करायचे. कँटीनमध्ये ताट घेऊन समोर बसली आणि म्हणाली, ‘‘मायाताई, तुम्हाला येतं ना हे?’’ मी म्हणाले, ‘‘हो, येतं.’’ इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच खरं वाटलं. उद्या रविवारी अकरा वाजता त्यांची सर्वसाधारण सभा. तिथे साइट दाखवायची. नाही दाखवली तर कमिटीतले एक शौनक म्हणून आहेत, त्यांच्या ओळखीचा कुणी ती आठवड्यात फुकटात करून देणार होता. अनुयाने हे मला दोनदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात.

तर व्हर्जन. ५.६ घेतलं तर संध्याकाळपर्यंत काम होणार होतं, कारण माझ्याकडे जुन्या नोकरीतलं, तयार साइटचं फोल्डर होतं. सीडीवरून पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्हवरून या लॅपटॉपवर, तीन घरं बदलली तरी मी ते हरवू दिलं नव्हतं. का, ते सांगता येणार नाही. माझ्या डिग्रीचं सर्टिफिकेट कुठे आहे ते बाबांना विचारावं लागतं, पण हे फोल्डर कुठे आहे ते मला झोपेत विचारा. उल्हासनगर कॅम्प चारला, खाली शिलाई मशिनच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर आमचं वेबसाइट्सचं ऑफिस, असं ते ठिकाण होतं. सहा कॉम्प्युटर, एक कूलर, शेठ, आम्हाला काम शिकवणारे अनंतासर आणि आम्ही चार मुली. खालून दिवसभर मशिनं तपासल्याचा खडखडाट यायचा आणि त्या तालावर आम्ही टाइप करायचो. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत मशिनिस्ट होते. ते म्हणायचे, तुझ्या कामाला आवाज नाही, मग कळतं कसं की चालू आहे? मी म्हणायचे, आमच्या खालच्याला आहे ना. ते दिवस आठवले की मला आधी मशिनच्या तेलाचा वास येतो, मग कडीपत्त्याचा, कारण जिन्याच्या तोंडाशी दालपक्वानची गाडी होती.

आमची पद्धत अशी होती की नवी साइट कधी नव्याने लिहायची नाही. आधीच्या गिऱ्हाइकाच्या फोल्डरची कॉपी मारायची, नाव बदलायचं, रंग बदलायचा, फोटो बदलायचे. पापडवाल्याच्या साइटची कॉपी मारून पडदेवाला, पडदेवाल्याची मारून टेलर मटेरियलवाला. मी साडेचार वर्षांत एकोणतीस साइट्स केल्या आणि एकदाही कोरी फाइल उघडली नाही. हे मला आज पहिल्यांदा लक्षात येत होतं, त्या चौकटीपुढे बसल्यावर. एकोणतीस साइट्स, आणि पहिली ओळ एकीचीही माझी नाही. शेठची आणखी एक रीत होती. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मोतीराम पापडवाले. ती साइट यशस्वी झाली, मग धंदा वाढला, म्हणून मोतीरामांची ओळ प्रत्येक साइटच्या यादीत सगळ्यात वर, शून्य नंबरला, तशीच ठेवायची. आपण भवानी म्हणतो, शेठ बोहनी म्हणायचे. ‘‘बोहनी की लाइन है बेटा, मिटाना नहीं,’’ ते प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगायचे. शून्य नंबर कोण कशाला शोधणार, त्यामुळे ती ओळ कुणाला दिसायची नाही. देवघरातल्या मागच्या रांगेतल्या देवासारखी ती असायची.

मी ५.६ निवडलं. निवडलं म्हणजे, बघू तर खरं, म्हणून निवडलं. जुनं फोल्डर चढवलं, अनुयाच्या यादीतली वीस घरं त्यात टाइप केली, बी-४, सी-१, अशी, आणि पान उघडलं. उघडलं की. काही विचारलं नाही, काही बोललं नाही, पंधरा वर्षांनी भेटूनही गुमान उघडलं. तोच निळा पट्टा, तेच शोधायचं बटण, बटणावर माझ्याच हाताने टाइप केलेलं ‘शोधा’. मला इतकं बरं वाटलं की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उभ्याउभ्या दोन खारे शंकरपाळे खाल्ले. बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, ‘‘लवकर झालं वाटतं.’’ मी म्हणाले, ‘‘तयारच होतं, बाबा.’’ आणि हे बोलताना जरासं काही लागलं, जिभेला शंकरपाळ्याचा तिखट दाणा लागावा तसं. तयारच होतं. मग मी काय केलं?

परत येऊन बसले आणि चौकटीत बी-४ टाकलं. वरच्या घराचं नाव यायला हवं होतं नीलिमा, म्हणजे यादीप्रमाणे. आलं मोतीराम पापडवाले, उल्हासनगर, कॅम्प चार. खाली त्यांच्या दुकानाचा लँडलाइन नंबर.

हे मी पूर्वी पाहिलं होतं. हेच, असंच, आणि या एका गोष्टीमुळे मी ती भाषा सोडली होती. आमच्याकडे एक लोखंडी कपाटं बनवणारा गिऱ्हाईक म्हणून आला होता. त्याच्या कपाटांच्या मॉडेलना नंबर होते के-१२, के-१५ असे. मॉडेल नंबर टाकला की जवळच्या दुकानाचा फोन दिसायचा. साइट मी केली. चार महिने कपाटांच्या ऑर्डरी मोतीराम काकांच्या पापडाच्या दुकानात येत होत्या, आणि काका कुणाला एका शब्दाने काही न बोलता, पापडाच्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, कपाटाचं माप लिहून घेत होते आणि संध्याकाळी नोकराबरोबर कपाटवाल्याकडे पाठवत होते. बाजारात एकमेकांचं गिऱ्हाईक तोडायचं नाही, एवढंच त्यांना माहीत. शेवटी एक दिवस ते स्वतःच जिना चढून वर आले, कूलरसमोर बसले, घाम पुसला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, ‘‘बेटा, एक बार बता दो, मैं पापड बेचूँ या कपाट?’’ सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. मग शेठनी विचारलं, ये किसने किया, आणि मी हसायची थांबले.

मी शपथ घेऊन सांगत होते की नंबर मी बरोबर टाकले आहेत. फाइल उघडून दाखवली, बरोबरच होते. नंबर फाइलमध्ये बरोबर असला की पानावर बरोबरच, असं आम्ही सगळेच धरून चालायचो, पान कुणी तपासायचं नाही. अनंतासर माझ्या खुर्चीवर बसले, यादीतली सगळी ‘के’ अक्षरं काढून टाकली, नुसते बारा, पंधरा ठेवले, आणि साइट चालायला लागली. ‘‘इथे नंबरच टाकायचे असतात माया, अक्षरं नाही. काहीतरी स्पेस-बिस पडली असेल तुझ्याकडून,’’ ते म्हणाले. वाईट माणूस नव्हते. त्यांनाही माहीत नव्हतं, हे मला आज कळतंय. त्यानंतर शेठनी माझं काम बदललं. ‘‘माया टाइपिंग अच्छा करती है,’’ ते म्हणाले, आणि मला कॅटलॉग टाइप करायला बसवलं. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्या वाक्यात नुसती दया होती. वर्षभर कॅटलॉग टाइप केले आणि एमआयडीसीत डिस्पॅचला लागले. तेव्हापासून मी प्रत्येक चलन तीनदा तपासते. घराचं कुलूप लावून लिफ्टपर्यंत जाते आणि परत येऊन ओढून बघते. गॅस, नळ, बाबांच्या गोळ्यांचा डबा, सगळं दोनदोनदा. कंपनीत मला काटेकोर म्हणतात. ते कौतुक असतं आणि दर वेळी ते ऐकताना मला वाटतं, यांना माहीत नाही. माझ्या हातून काय निसटेल याचा मला भरवसा नाही, हे यांना माहीत नाही.

आणि आता मोतीराम काका परत समोर. मी फाइल उघडली. बी-४ समोर नीलिमा, नंबर बरोबर, स्पेस नाही. तीनदा बघितलं, अर्थात. मग ते जुनं शोधायचं फंक्शन, अनंतासरांनी कधीतरी लिहिलेलं आणि आम्ही सगळ्यांनी कॉपी मारलेलं, सहाच ओळींचं, ते आणि यादी तेवढी वेगळ्या फाइलमध्ये काढली आणि होस्टिंगच्या चौकटीत जाऊन ८.४ निवडलं. का निवडलं हे विचारू नका. बाबा म्हणतात, मशिन बिघडलं की तोच जॉब दुसऱ्या मशिनला लावून बघायचा, मग कळतं दोष जॉबमध्ये आहे की मशिनमध्ये. बहुतेक ते कुठेतरी डोक्यात असावं. बी-४ टाकलं. नीलिमा. बरोबर फोन नंबर. परत ५.६. मोतीराम. परत ८.४. नीलिमा. एक अक्षर मी बदललेलं नव्हतं. तीच ओळ, तीच यादी, तोच माझा हात. मी असं आठ-दहा वेळा केलं असेल, नीलिमा, मोतीराम, नीलिमा, मोतीराम, दिवा चालू-बंद करणाऱ्या लहान मुलासारखं.

मग वाचलं. वाचायला अर्धा तास लागला आणि समजायला एक क्षण. जुन्या व्हर्जनला तुम्ही विचारलंत की हा शब्द आणि हे शून्य सारखे आहेत का, तर ते आधी त्या शब्दाचा आकडा करून बघायचं. ज्याच्या सुरुवातीला आकडाच नाही त्या शब्दाचं ते शून्य धरायचं आणि सांगायचं, हो, सारखे. बी-४ म्हणजे शून्य. के-१२ म्हणजे शून्य. अक्षरापासून सुरू होणारं काहीही विचारा, यादीत वर शून्याची ओळ बसलेलीच आहे, हो हो, हीच. नुसता बारा विचारला तर मात्र शहाण्यासारखं पुढे जायचं. आठव्या व्हर्जनपासून त्यांनी हे बदललं. आता ते तोंडावर सांगतं, नाही, हे सारखे नाहीत. जुनं व्हर्जन भिडस्त होतं. कुणाला नाही म्हणायचा धीर नाही, म्हणून हो म्हणायचं. आणि शेठची बोहनी, अनंतासरांचं फंक्शन, कपाटवाल्याचं ‘के’ आणि ती भीड, हे चौघं एका दिवशी एका फाइलमध्ये भेटले, आणि तिथे मी होते. मी नंबर बरोबर टाकला होता. मी नंबर बरोबर टाकला होता. हे वाक्य मी मोठ्याने म्हणाले असेन, कारण बाबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘कुठला नंबर?’’ मी म्हणाले, ‘‘कपाटाचा.’’ त्यांनी खोलीतल्या कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला गेले.

मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. आनंद झाला, पायापासून वर येणारा, अंगात न मावणारा. बाल्कनीत गेले. समोर नव्या टॉवरची क्रेन, तिच्यामागे उरलेल्या भाताच्या दोन खाचरांचा पट्टा, पलीकडे मलंगगड स्वच्छ दिसत होता, आणि मला खालच्या वॉचमनला हाक मारून सांगावंसं वाटलं की बाबा रे, मी नंबर बरोबर टाकला होता. शेठ आता नाहीत. मोतीराम काका असतील तर नव्वदीचे असतील. ज्यांच्यापुढे मान खाली गेली त्यांतलं कुणी ऐकायला जवळपास उरलेलं नाही, आणि तरी त्याने काही बिघडत नव्हतं, हे मला नवीनच होतं. उलट राग आला तो स्वतःचा. पंधरा वर्षं मी हे विचारलंच कसं नाही? एकदा जरी बसून के-१२ आणि १२ मध्ये फरक काय म्हणून शोधलं असतं तर सापडलं असतं. पण मला कुणी सांगितलं की तुझी चूक, आणि मी म्हणाले, हो. मला कुणी विचारलं येतं का, आणि मी म्हणाले, हो. शब्दाचं शून्य करून मोकळं व्हायची सवय काय त्या व्हर्जनलाच होती?

तेव्हा व्हर्जन कुठलं घ्यायचं हे ठरलं होतं. ५.६ ला सुरक्षेची दुरुस्ती येणं कधीच थांबलंय, त्यात तीनशे घरांचे फोन ठेवायचे, आणि ज्या रात्री पाणी चढेल त्या रात्री बी विंगच्या आजीने नंबर दाबला की उल्हासनगरात पापडाच्या बंद दुकानात घंटी वाजायची, हे मला चालणार नव्हतं. बोहनीची ओळ काढून टाकली असती तर तेवढं एक मिटलं असतं, पण या फोल्डरमध्ये आणखी कुठे कुठे हो म्हणून ठेवलंय ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे आता मला माहीत होतं. मग अख्खं फोल्डर ८.४ वर लावलं. एका ओळीवर कोसळलं. ती ओळ काढली, दुसऱ्यावर कोसळलं. जुन्या डेटाबेसशी बोलायची आमची सगळी रीतच नव्या व्हर्जनने काढून टाकली होती. पण प्रत्येक वेळी ते सांगत होतं, अमक्या फाइलमध्ये, अमक्या ओळीवर, अमुक नाही. मला ते फार आवडलं. इतकं सरळ माझ्याशी कॅम्प चारात कुणी बोललं नव्हतं. सतरावी चूक दाखवल्यावर मी फोल्डर बंद केलं आणि कोरी फाइल उघडली. पांढरंशुभ्र पान, डावीकडे एक आकडा, एक. पहिली ओळ. मला या भाषेचं हे व्हर्जन येत नव्हतं. आणि उद्या अकराला सभा होती.

अनुयाला फोन लावला. तिच्याकडे कुकरची शिट्टी होत होती. मी म्हणाले, ‘‘अनुया, उद्या साइट होणार नाही.’’

‘‘मायाताई, असं नका ना करू. शौनक टपूनच बसलेत.’’

‘‘ऐक. मी तुला येतं म्हणाले ते खरं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वीचं येत होतं. त्यात केली असती तर आज झाली असती, झालीच होती, पण बी-४ टाकलं तर भलत्याचाच फोन येत होता. नव्या व्हर्जनमध्ये करायला हवी आणि ते मला शिकावं लागेल. तीन आठवडे दे.’’

‘‘तीन आठवडे?’’ कुकर बंद केल्याचा आवाज आला. ‘‘अहो पण मी मीटिंगमध्ये काय सांगू? की आमच्या ताईंना येत नाही?’’

‘‘मी येते सभेला. मीच सांगते. काय चुकणार होतं ते दाखवते, आणि मला किती येतं, किती येत नाही तेही. शौनकना म्हणावं, तुमच्या माणसाची साइट आणा, आपण सगळ्या विंगचे नंबर टाकून बघू. चालली तर घ्या त्याची. मला वाईट वाटेल, पण घ्या.’’

पलीकडे तिने कुकर ओट्यावर उतरवल्याचं ऐकू आलं. काम गेलं, मला वाटलं. तरी मी ते मागे घेतलं नाही, हां, जमेल गं उद्यापर्यंत, असं काही बोलले नाही, जे माझ्या अगदी ओठावर होतं. मग अनुया म्हणाली, ‘‘ताई, आम्ही फ्लॅट घेतला ना, तेव्हा बिल्डरला माझ्या सासऱ्यांनी विचारलेलं, इथे पाणी येतं का. तो म्हणाला, छे, अजिबात नाही. मग एजंटला विचारलं. तोपण छे. एकाने जरी माहीत नाही म्हटलं असतं ना...’’ ती थांबली. ‘‘या तुम्ही अकराला. जे आहे ते सांगा. मी तुमच्या बाजूने बोलेन. पुढचं सभा ठरवेल.’’

‘‘येते,’’ मी म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा बाबा चहाचे दोन कप घेऊन माझ्यामागे उभे होते. सगळं ऐकलं असावं. त्यांनी कप लॅपटॉपपासून लांब ठेवला, चष्मा वर केला आणि त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले.

‘‘बाबा,’’ मी म्हणाले, ‘‘मला हे येत नाही.’’

‘‘ते ऐकलं मी,’’ ते म्हणाले. ‘‘मग एवढी खूश कशानं झालीस?’’